कंबोडियाची गाणी आणि ती गाणाऱ्यांची नावे



विहाराच्या स्मरणिकेत पंचशील, लेणी, धम्मदीक्षा यांवर लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. आम्ही यंदा कंबोडिया या बौद्ध देशातल्या रेडिओवरच्या आणि सिनेमातल्या गाण्यांवर लिहीत आहोत. कोणी विचारील, विहाराच्या पुस्तकात प्रेमाच्या गाण्यांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. अष्टशील पाळणारा उपासक उपोसथाच्या दिवशी नाच-गाण्यापासून दूर राहतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या राजवटीने त्या देशातल्या भिक्खूंची चीवरे उतरवली, तिनेच तिथल्या गाणाऱ्यांचा गळा बंद केला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच डोक्यातून झाल्या. १७ एप्रिल २०२५ रोजी त्या घटनेला पन्नास वर्षे झाली. विहार कसा मोडला ते सांगायचे आणि गाणे कसे मोडले ते सोडून द्यायचे, तर इतिहास अर्धाच राहतो. म्हणून हा खटाटोप.

विहार आणि गाणे

कंबोडिया म्हणजे अंकोरवाटचा देश, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्या मंदिराच्या जतनाचे काम १९८६ ते १९९३ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याने केले, हेही काहींनी वाचले असेल. तिथले लोक ख्मेर. सहाशे-सातशे वर्षांपासून बहुजन समाज थेरवादी बौद्ध. गावागावात विहार, त्याला ते 'वाट' म्हणतात. मुलगा लहानपणी काही काळ तरी चीवर घेणार, विहारातच अक्षर गिरवणार, अशी रीत. पाली त्रिपिटकाचे ख्मेर भाषेत भाषांतर करण्याचे काम तिथल्या विद्वान भिक्खूंनी १९३० च्या सुमारास हाती घेतले आणि १९६९ साली ११० खंडांत पुरे केले.

या लोकांना गाणे परके नव्हते. विहारातच 'स्मोत' नावाचे सुरेल पठण चाले, विशेषतः मयताच्या वेळी. दोन तारांचे, लांब मानेचे 'चापेई' नावाचे वाद्य घेऊन गावोगाव फिरणारा गायक जागच्या जागी कवन रचून लोकांना हसवी आणि शहाणेही करी. आपल्या शाहिरासारखाच तो माणूस. देशाच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारे चुओन नाथ हे स्वतः भिक्खू, पुढे संघराज झाले. ख्मेर शब्दकोश करणारेही तेच. तेव्हा धम्म एका बाजूला आणि गाणे दुसऱ्या बाजूला अशी भिंत त्या समाजात नव्हती.

९ नोव्हेंबर १९५३ रोजी कंबोडिया फ्रेंचांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. राजे नरोदम सिहानुक स्वतः गाणी रचणारे, सॅक्सोफोन वाजवणारे, पुढे सिनेमेही काढणारे. १९५५ साली त्यांनी गादी वडिलांना दिली आणि स्वतः राजकारणात उतरले. त्यांची आई राणी कोसामाक हिने राजवाड्यात वाद्यवृंद पोसला. सरकारी रेडिओ होता. नॉम पेन शहरात ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. एकीचे नाव तर शहरातल्या टेकडीवरच्या विहाराचे, 'वाट फ्नोम'. बाहेरून फ्रेंच गाणी आली, क्यूबाकडचे चा-चा-चा आणि रुंबा आले, इंग्रजांचे गिटार आले, आणि शेजारच्या व्हिएतनाममध्ये अमेरिकन फौजा उतरल्यावर त्यांच्या रेडिओवरचे रॉक संगीतही तिथल्या पोरांच्या कानावर पडले. ख्मेर कलावंतांनी हे सगळे घेतले, पण गळा आपला ठेवला. ताल परदेशी, शब्द ख्मेर, आणि आवाजाची वळणे गावच्या लग्नातल्या गाण्यांची. त्यातून जे तयार झाले ते कुणाची नक्कल वाटत नाही.

गाणारी माणसे

या काळातला सर्वांत मोठा गायक सिन सिसामुथ. ख्मेर रीतीत आडनाव आधी येते. जन्म १९३२ च्या सुमाराचा, ईशान्येकडच्या स्तुंग त्रेंग प्रांतातला. नॉम पेनला आला तो वैद्यकीय शिक्षण घ्यायला, आणि तिथल्या दवाखान्यात त्याने कामही केले. रुग्णसेवा करता करता रेडिओवर गाऊ लागला आणि राणीच्या वाद्यवृंदात निवडला गेला. १९५०च्या दशकात हास सालान या व्हायोलिनवादकाने बांधलेले 'व्हायोलिन स्नेहा' हे गाणे त्याने म्हटले आणि त्याचे नाव देशभर झाले. 'स्नेहा' म्हणजे आपलाच 'स्नेह'; ख्मेर भाषेत त्याचा अर्थ प्रेम. त्याने स्वतः लिहून गायलेले 'चंपा बट्टंबांग' हे गाणे तर आजही प्रत्येक ख्मेर माणसाला ठाऊक असते. चंपा म्हणजे चाफा आणि बट्टंबांग हा भाताचे कोठार समजला जाणारा प्रांत. पाहा, पाली-संस्कृतचे धागे केवढे लांब गेले आहेत! सिसामुथची गाणी हजाराच्या वर मानली जातात. आवाज मऊ आणि ठाय, ओरडणे नाही. नवीन गाणाऱ्यांना हात देऊन पुढे आणणारा माणूस अशी त्याची ख्याती.

त्याच्या जोडीने ज्या बाईचे नाव घेतात ती रोस सेरेई सोथिया. बट्टंबांगकडच्या गरीब शेतकऱ्याची लेक, जन्म १९४८ च्या सुमाराचा. आधी बट्टंबांगच्या एका हॉटेलात गायची. १९६७ च्या आसपास राजधानीत आली आणि सरकारी रेडिओवर गाऊ लागली. आवाज उंच, धारदार आणि तरीही गोड. दुःखाचे गाणे म्हणाली की ऐकणाऱ्याचा घसा दाटून येतो. भाषा कळत नसली तरी येतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. सिहानुकांनी तिला जो किताब दिला त्याचा अर्थ 'राजधानीचा सोनेरी आवाज', आणि त्या किताबात 'राजधानी' हाच शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने आहे. शेतावरच्या झोपडीतून आलेल्या पोरीला हा मान मिळाला. जन्माच्या नव्हे, गुणाच्या जोरावर मिळाला, ही गोष्ट आपल्या समाजाने मुद्दाम ध्यानात घ्यावी.

पान रोन ही तिसरी. हिची गाणी खट्याळ, उड्या मारणारी. बाईमाणसाने खाली मान घालून राहावे अशी अपेक्षा असलेल्या समाजात ही बाई नवऱ्याची नि प्रियकराची खुशाल टिंगल करी, आणि लोकांनाही ते आवडे. योल औलारोंग हा तरुण गिटारवाला शहरी माणसाच्या ढोंगावर बोट ठेवणारी गाणी करी. सायकलरिक्षावरचे त्याचे गाणे प्रसिद्ध आहे. हुओय मिआस ही रेडिओवरची निवेदिका, स्वतःही गायिका. गाणाऱ्यांची ओळख घराघरांत पोचवली ती हिच्या आवाजाने. मोल कान्योल आणि मोल कामाच या भावांनी १९५०चे दशक संपता संपता 'बाकसेई चाम क्रोंग' नावाचा गिटारचा संच काढला. देशातला तो पहिला असे मानतात. त्याचे नाव अंकोरजवळच्या एका जुन्या मंदिरावरून ठेवले होते.

ही सगळी नावे आम्ही एकामागून एक का लिहितो आहोत, ते पुढे कळेल.

युद्ध आणि १७ एप्रिल

१८ मार्च १९७० रोजी सिहानुक परदेशी असताना जनरल लोन नोल यांच्या गटाने त्यांना सत्तेवरून काढले. त्याआधी वर्षभरापासूनच अमेरिकेची विमाने कंबोडियाच्या हद्दीत बॉम्ब टाकीत होती; ते १५ ऑगस्ट १९७३ ला थांबले. गावेच्या गावे उठली. खेड्यातला माणूस जीव घेऊन नॉम पेनकडे पळाला आणि शहराची वस्ती वीस लाखांच्या घरात गेली. रानात लपलेल्या ख्मेर रूज संघटनेला या बॉम्बगोळ्यांनीच माणसे पुरवली, हे विसरून चालणार नाही. ज्याचे घर जळाले त्याच्या हातात बंदूक द्यायला फार व्याख्यान लागत नाही.

या पाच वर्षांत गाणे थांबले नाही. रात्री संचारबंदी, म्हणून दुपारी कार्यक्रम. नव्या सरकारने गायकांकडून आपल्या बाजूची गाणी म्हणवून घेतली. सिसामुथनेही ती म्हटली. शहरावर अग्निबाण पडत होते आणि ध्वनिमुद्रणही चालू होते. या काळातली गाणी ऐकताना मनात येते, या माणसांना पुढचे ठाऊक नव्हते.

१७ एप्रिल १९७५ रोजी, ख्मेर नववर्षाचा सण नुकताच उरकला असताना, ख्मेर रूजचे सैनिक नॉम पेनमध्ये शिरले. त्याच दिवशी शहर रिकामे करण्याचा हुकूम सुटला. म्हातारे, बाळंतिणी, दवाखान्यातले रोगी, सगळ्यांना रस्त्यावर काढून खेड्यांकडे हाकलले. पैसा रद्द, बाजार बंद, शाळा बंद. विहार बंद करून त्यांची कोठारे आणि कोठड्या केल्या. भिक्खूंना चीवर उतरवून शेतावर जुंपले. ज्यांनी नकार दिला त्यांना मारले. शिकलेला, परकी भाषा येणारा, जुन्या सरकारात काम केलेला, नाव झालेला माणूस म्हणजे शत्रू. गायक तर सर्वांच्या ओळखीचे, ते लपणार कुठे? सिएंग वांथी या गायिकेने आपण केळी विकणारी आहोत असे सांगितले आणि म्हणून ती वाचली. स्वतःची कला नाकारावी तेव्हा जीव वाचावा, असे ते दिवस होते.

सिसामुथ वाचला नाही. सेरेई सोथिया वाचली नाही. पान रोन, योल औलारोंग, हुओय मिआस, कोणीच परत आले नाही. सिसामुथला मारण्यापूर्वी त्याने गाणे म्हटले अशी कथा लोक सांगतात. सोथियाच्या शेवटाच्या तर तीन-चार निरनिराळ्या कथा आहेत. आम्ही त्यातली एकही खरी म्हणून इथे मांडत नाही. त्यांची थडगी नाहीत, एवढे मात्र खरे. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथली, तोवर पावणेचार वर्षांत सतरा ते वीस लाख माणसे मेली होती. भुकेने, रोगाने, श्रमाने आणि खुनाने. देशातला दर चौथा माणूस गेला म्हणा.

कामगारांच्या नावाने

आम्ही साच्यावर आयुष्य घालवलेली माणसे. 'कामगार-शेतकऱ्यांचे राज्य' हे शब्द कानावर पडले की आमचे कान टवकारतात आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. ख्मेर रूजने जे केले ते कष्टकऱ्यांच्या नावाने केले. त्यांचे पुढारी मात्र पॅरिसला शिकून आलेले. शेतात ध्वनिक्षेपक लावून दिवसभर क्रांतीची गाणी ऐकवली जात. मजुराने स्वतःच्या मनाने गुणगुणायची सोय नव्हती. ज्या सोथियाला त्यांनी संपवले ती शेतकऱ्याचीच मुलगी होती. कष्टकऱ्याला भाकरी हवी हे खरे, पण दिवसभर राबल्यावर त्याला गाणेही हवे असते. ते त्याच्याकडून हिसकावून घेणारे राज्य त्याचे कसे?

२० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम सोळा दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख आणि पिळवणूक नाहीशी करायची, इथपर्यंत दोघांचे ध्येय जवळ येते. पण एक मार्ग हिंसेचा आणि हुकूमशाहीचा, दुसरा माणसाचे मन बदलण्याचा, असा फरक त्यांनी दाखवला. पोल पॉटचे राज्य यायला तेव्हा एकोणीस वर्षे होती. आपल्यातले काही तरुण हे भाषण नुसते वादविवादापुरते वापरतात. त्यांनी ते कंबोडियाचा इतिहास शेजारी ठेवून वाचावे. आणि आमचे जे मित्र अमेरिकेच्या बॉम्बवर बोलून पोल पॉटवर गप्प राहतात, त्यांनाही आमचे तेच सांगणे आहे. दोन्ही बोला.

गाणी उरली, नावे गेली

मग ही गाणी आज आमच्यापर्यंत आली कशी? सामान्य माणसांमुळे. कुणी तबकड्या लपवल्या, कुणी फिती सांभाळल्या. जे देश सोडून गेले त्यांनी पॅरिसला आणि अमेरिकेतल्या लाँग बीचला जुन्या तबकड्यांवरून कॅसेटी काढल्या, दुकानांतून विकल्या, नातेवाइकांना दिल्या. कॅसेटीवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. प्रत्येक वेळी आवाज थोडा अधिक घोगरा झाला. काही व्यापाऱ्यांनी जुन्या आवाजावर नवे यांत्रिक ढोल चढवून विकले. गाणे जगले, पण झिजले.

१९९६ साली अमेरिकेत 'कंबोडियन रॉक्स' नावाचा संग्रह निघाला. एका प्रवाशाने कंबोडियाच्या बाजारात घेतलेल्या कॅसेटींवरून त्यात २२ गाणी घेतली होती. जगभरच्या लोकांनी ती प्रथमच ऐकली आणि थक्क झाले. पण त्या संग्रहावर ना गाण्यांची नावे होती, ना गाणाऱ्यांची. ज्यांना मारताना नाव हाच गुन्हा ठरला होता, त्यांची गाणी वीस वर्षांनी जगात पुन्हा गेली ती बिननावाची! काढणाऱ्यांच्या मनात पाप होते असे आम्ही म्हणत नाही. पण गरीब देशाच्या कलावंताचे नाव शोधण्याची तसदी घ्यावी, असे जगाला सहजासहजी वाटत नाही, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

पुढे ऐकणाऱ्यांनीच एकेका आवाजाची ओळख पटवली. ही सोथिया, हा औलारोंग, ही पान रोन, असे करत यादी भरली. घरोघरी पडलेल्या मूळ तबकड्या गोळा करून त्यांचा स्वच्छ आवाज जतन करण्याचे काम ख्मेर तरुणांनी अंगावर घेतले. चित्रपट दिग्दर्शक रिथी पान यांच्या पुढाकाराने २००६ साली नॉम पेनला बोफाना केंद्र उघडले. तिथे देशाच्या जुन्या चित्रफिती आणि ध्वनिफिती कुणालाही विनामूल्य पाहता-ऐकता येतात. लहानपणी ख्मेर रूजच्या छावणीत बासरी वाजवून वाचलेले आर्न चोर्न-पोंड यांनी १९९८ साली हयात असलेल्या बुजुर्ग कलावंतांना शोधून त्यांच्या हाताखाली मुले बसवण्याचे काम सुरू केले. चापेईचे अंध गायक कोंग नाय हे असेच वाचलेले. २०१६ साली युनेस्कोने चापेईची दखल घेतली आणि २०२४ साली ते गेले तेव्हा मागे शिष्य ठेवून गेले. २०१४ साली जॉन पिरोझी यांचा या गायकांवरचा माहितीपट आला. जे वाचले ते त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात. २००३ साली देशात लेखक-कलावंतांच्या हक्काचा कायदा झाला, आणि सिसामुथच्या मुलाबाळांनी जुने कागद शोधून वडिलांच्या गाण्यांवरचा हक्क सरकारकडून मान्य करून घेतला.

न्यायालयाचे कामही झाले. पोल पॉट १९९८ साली मेला. पण संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने चाललेल्या खास न्यायालयाने उरलेल्या म्होरक्यांपैकी काहींना शिक्षा दिल्या आणि २०२२ साली शेवटचा निकाल दिला. त्याची गरज होतीच. पण न्यायालय गुन्हेगाराचे नाव लिहिते. मेलेल्याचे नाव लिहिणे हे समाजाचे काम आहे.

नाव घेणे

भाद्रपदाच्या वद्य पक्षात कंबोडियात 'प्चुम बेन' नावाचा पंधरा दिवसांचा सण असतो. लोक विहारात जातात, भिक्खूंना दान देतात, आपल्या गेलेल्या माणसांची नावे कागदावर लिहून देतात आणि ती मोठ्याने वाचली जातात. पहाटे मृतांसाठी भाताचे गोळेही टाकतात. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा मानणारी माणसे. श्राद्धपक्ष आणि पिंडदान आम्हाला मान्य नाही. ख्मेर बांधवांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही हे सांगतो. भाताचा गोळा मेलेल्याला पोचत नाही. पण नाव वाचण्याची गोष्ट वेगळी आहे. ते मेलेल्यासाठी नसते, ते जिवंतांसाठी असते. ज्या देशात लाखो माणसे नावाशिवाय पुरली गेली, तिथे विहारात उभे राहून बापाचे नाव मोठ्याने घेणे हा त्या राजवटीला दिलेला जबाब आहे. त्यात अंधश्रद्धा नाही, माणुसकी आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये सात भिक्खूंच्या उपसंपदेने तिथला संघ पुन्हा उभा राहिला, आणि आपल्या नालंदात शिकलेले भंते महाघोसानंद यांनी, सगळे कुटुंब गमावूनही, १९९२ साली निर्वासितांसह देशातून शांतीची पदयात्रा काढली. गाणे आणि विहार दोन्ही पुन्हा उभे राहिले ते अशा माणसांमुळे.

आता आपल्याकडे पाहू. आपली चळवळही गाण्यावर वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी यांनी जे काम केले ते शंभर सभांनी झाले नसते. ही मोठी नावे तरी टिकली. पण त्यांच्या मागे उभे राहून कोरस धरणारे, ढोलकी आणि पेटी वाजवणारे, जयंतीच्या रात्री वस्तीत पहाटेपर्यंत गाणारे, स्वतः गाणी जोडणाऱ्या आपल्या आया-मावश्या, यांची नावे कुठे आहेत? कॅसेटीवर कंपनीचे नाव ठळक आणि गाणाऱ्याचे बारीक, कधी तेही नाही. आपल्यावर पोल पॉट आला नव्हता. आपली नावे कुणी पुसली नाहीत, ती आपणच लिहिली नाहीत.

म्हणून वर्धापन दिनाच्या निमित्ताने आमची एक सूचना आहे. विहाराच्या भिंतीवर दानदात्यांची संगमरवरी पाटी आहे, ती असू द्यावी. तिच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. आपल्या वस्तीत ज्यांनी ज्यांनी बुद्ध-भीमगीते गायली, वाजवली, रचली, त्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि एखादे गाणे तिच्यात लिहावे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या विहारात आणाव्यात. तरुणांनी त्या मोबाईलवर उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचे नाव टाकावे. खर्च फार नाही. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घेतले पाहिजे, एवढेच.

आणि सिसामुथ, सोथिया, पान रोन यांची गाणीही जरूर ऐकावीत. ती आज सहज मिळतात. ऐकताना नाव घेऊन ऐकावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!